जो सगळीकडे आहे त्याला ‘आवाहन’ कसे करायचे? (देवघर, मूर्ती, प्रतीक)

कुळागर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यात नव्या घरात देवघर मांडायचे आहे. त्याआधी दोन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत.

पहिली तत्त्वाची. देव निराकार आहे, सर्वव्यापी आहे, असे आम्ही मनापासून मानतो. मग रोज सकाळी ‘आवाहयामि’ म्हणायचे आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) उत्तरपूजेत ‘यान्तु देवगणाः सर्वे’ म्हणून निरोप द्यायचा, याचा मेळ कसा घालायचा? जो भिंतीत, खांबात, ताम्हणात आधीच आहे तो येतो कुठून आणि जातो कुठे? अर्थ कळल्याशिवाय नुसता मंत्र म्हणायला जीभ धजत नाही.

दुसरी मांडणीची. दोन घरांचे देव एकत्र झाले आहेत. पितळी गणपती ३, बाणलिंगे २, शाळिग्राम ३, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, देवीचा चांदीचा टाक, मंगेशाची आणि शांतादुर्गेची तसबीर, शिवाय १४ इंच उंचीची संगमरवरी दत्तमूर्ती. यातले काय ठेवावे? कशाला पाणी घालावे, कशाला नुसते पुसावे? ‘भाव महत्त्वाचा’ एवढेच उत्तर कृपया नको. भाव आहे, कृती हवी आहे.

अग्रशाळा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पूजेच्या पहिल्याच मंत्रात आहे. रोज म्हणूनही ते निसटते.

षोडशोपचार पूजा पुरुषसूक्ताने केली की सूक्ताच्या १६ ऋचा १६ उपचारांना वाटून येतात. आवाहनाच्या वाट्याला पहिली ऋचा येते, ‘सहस्रशीर्षा पुरुषः’. तिचा शेवट असा: ‘स भूमिं विश्वतो वृत्वात्यतिष्ठद्दशाङ्गुलम्’. त्याने भूमी सगळ्या बाजूंनी वेढली आणि वर दहा बोटे उरला. ‘ये’ म्हणण्यासाठी आपण जे शब्द वापरतो तेच शब्द ‘तू सगळीकडे आहेस आणि त्याहूनही उरला आहेस’ असे सांगतात. ज्यांनी ही ऋचा आवाहनाला लावली त्यांच्यासमोर तुमचाच प्रश्न होता, असे मला ठामपणे वाटते.

आता हातांकडे पाहा. आवाहनाच्या मुद्रा पाच आहेत. दोन्ही तळवे वर करून ओंजळ, अंगठे अनामिकांच्या मुळाशी: आवाहनी. तीच ओंजळ पालथी: स्थापनी. दोन मुठी जुळवून अंगठे वर: सन्निधापनी. अंगठे मुठींच्या आत: सन्निरोधिनी. त्याच मुठी उताण्या: सम्मुखीकरणी. शेवटच्या मुद्रेसोबत ‘सम्मुखो भव’ म्हणतात, माझ्याकडे तोंड कर. घाईत पाचही मुद्रा एका नमस्कारात उरकल्या जातात आणि मग आवाहन म्हणजे दुसऱ्या गावाहून कोणाला तरी बोलावणे, एवढाच अर्थ शिल्लक राहतो. क्रिया जागा बदलण्याची नाही, समोरासमोर येण्याची आहे. एका खोलीत दोन माणसे तासभर असू शकतात आणि एकमेकांकडे पाहतही नाहीत, तसे आपले देवाशी चाललेले असते.

ज्या पूजापद्धतीत मानसपूजा आधी आणि बाह्यपूजा नंतर असते तिथे हे आणखी उघड आहे. ओंजळीत फूल घ्यायचे, हृदयातल्या देवाचे ध्यान करायचे, नाकावाटे श्वास सोडताना ते चैतन्य फुलात आले अशी भावना करायची आणि फूल मूर्तीवर ठेवायचे. पूजा संपली की निर्माल्यातले एक फूल उचलून हुंगायचे आणि त्याला परत हृदयात घ्यायचे. ‘कुठून येतो, कुठे जातो’ हे इथे हाताने दाखवून दिले आहे. हुंगण्याची पायरी गाळली तर पूजा अर्ध्यावर राहते. देव पाटावर बाहेर ठेवून आपण उठून जातो.

मूर्तीच कशाला, याला कुलार्णव तंत्रात एक दाखला आहे. दूध गाईच्या सर्वांगात असते, पाझरते मात्र आचळातून. देव तसाच सर्वत्र असतो आणि प्रतिमेत प्रकट होतो. शिंगाला हात लावून दूध निघत नाही म्हणून शिंगात गाय नाही असे कोणी म्हणत नाही.

मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण चूक तिथेच होते. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात लागोपाठ दोन सूत्रे आहेत. ‘न प्रतीके न हि सः’: प्रतीकालाच आत्मा समजू नये, ते तो नव्हे. लगेच ‘ब्रह्मदृष्टिरुत्कर्षात्’: प्रतीकावर ब्रह्मदृष्टी ठेवावी, कारण दृष्टी वरच्या दिशेने जावी. शंकराचार्यांचा दृष्टांत राजसेवकाचा आहे. सेवकाला राजा मानून मान दिला तर काम होते, राजाला सेवक मानले तर अपमान होतो. म्हणून दगडाकडे ब्रह्म म्हणून पाहावे, ब्रह्माला दगडाएवढे करू नये. ‘आमचा देव जागृत, त्यांचा तेवढा नाही’ असे वाक्य तोंडातून गेले की दुसरी गोष्ट घडली असे समजावे.

भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कपिलांचे शब्द तर कठोर आहेत. सर्व भूतांत असणाऱ्या ईश्वराची अवज्ञा करून जो फक्त मूर्ती पूजतो तो राखेत आहुती टाकतो. पण त्याच ठिकाणी थोडे पुढे म्हटले आहे की तो सर्व भूतांत आहे हे स्वतःच्या हृदयात कळेपर्यंत मूर्तिपूजा करीत राहावे. दोन्ही वाक्ये एकत्र वाचावीत. एकटे पहिले घेऊन मूर्ती फेकणारे आणि एकटे दुसरे घेऊन आयुष्यभर ताम्हणापुढे थांबणारे, दोघांचेही वाचन अर्धवट.

आणि अमृतानुभवातली ती ओवी: देव, देऊळ, परिवार, सारे एकच डोंगर कोरून करतात, भक्तीचा व्यवहार तसा का न व्हावा? वेरूळचे कैलास लेणे डोळ्यांपुढे आणा. नंदी, खांब, पायरी, लिंग, सगळा एकच खडक. तरी हात जोडायची जागा ठरलेली आहे. तुमच्या प्रश्नाला याहून नेमके मराठी उत्तर मला ठाऊक नाही.

बिंबप्रतिबिंब

अग्रशाळा बाब, मांडणी सुरेख आहे, पण ती अद्वैताच्या बाजूची आहे हे प्रश्नकर्त्याला कळायला हवे. गोव्यातच कवळे मठाची परंपरा अद्वैताची आणि पर्तगाळी मठाची माध्व, म्हणजे मध्वाचार्यांच्या द्वैतमताची. एकाच ज्ञातीतली, कधी एकाच वाड्यावरची घरे यांत विभागलेली आहेत आणि दोघांच्या देवघरात तोच शाळिग्राम असतो. अर्थ मात्र वेगळा.

मध्वमतात देव ‘निराकार’ नाहीच. त्याला प्रकृतीपासून झालेला, झिजणारा, मरणारा आकार नाही एवढाच त्या शब्दाचा अर्थ. ज्ञान आणि आनंद हेच त्याचे शरीर. तेव्हा मूर्ती म्हणजे आकार नसलेल्याला दिलेला काल्पनिक आकार, हे आम्हांला मान्य नाही. आणि मूर्ती म्हणजेच देव, हेही नाही. दगड जड आहे, देव त्याच्या आत अंतर्यामी म्हणून खरोखर आहे. पूजकाच्या हृदयात जे बिंबरूप (जीव ज्याचे प्रतिबिंब ते देवाचे रूप) आहे त्याचेच सान्निध्य प्रतिमेत मागायचे असते.

फरक कृतीत उतरतो. प्रतिमा केवळ मन एकाग्र करायची खूण असेल तर आज कंटाळा आला म्हणून नैवेद्य न दाखवता चालेल, खूण उपाशी राहत नाही. आत खरोखर कोणी आहे असे मानले की वेळ पाळावी लागते, तीर्थ सांडता येत नाही, झोपलेल्या देवापुढे मोठ्याने भांडता येत नाही. गोव्याच्या देवळांत देवाला कौल लावतात, पाकळी उजवी पडते की डावी हे पाहतात, आणि लग्नापासून जमिनीपर्यंतचे निर्णय त्यावर घेतात. कौल लावणारा माणूस खुणेला विचारत नसतो.

आवाहनाविषयी मात्र आपले एकमत आहे. कृती हृदयातून सुरू होते, बाहेरून नाही.

ताम्हणपळी

आता मांडणी. आधी संख्या आणि माप, मग पाणी.

धर्मशास्त्राच्या निबंधांत घरच्या पूजेसाठी नियम आहे: दोन लिंगे, तीन गणपती, दोन शंख, दोन सूर्य, तीन शक्ती, दोन शाळिग्राम एकत्र पुजू नयेत. शाळिग्रामांना आणखी एक नियम: सम संख्या चालते पण दोन नको, विषम नको पण एक चालतो. म्हणजे १, ४, ६ असे. तुमच्या यादीला हे लावा. बाणलिंग १ ठेवा. शाळिग्राम १ ठेवा, तीन नकोत. गणपती १ पुरे. शक्ती मोजताना अन्नपूर्णा आणि टाक मिळून दोन होतात, तिसरी देवीमूर्ती आणू नका. देवळाची आठवण म्हणून असलेल्या तसबिरी दर्शनापुरत्या ठेवल्या तर त्या या मोजणीत धरत नाहीत.

भीतीने नियम पाळू नका, कारण समजून पाळा. तीन गणपतींपुढे बसलेला माणूस प्रत्येकाला गंध लावतो, फूल ठेवतो आणि पुढे सरकतो. पूजा हमालीसारखी होते. सर्वव्यापीपणाची जाणीव वाढवायला मूर्ती वाढवून उपयोग होत नाही. उरलेले गणपती, लिंग आणि शाळिग्राम भावकीतल्या ज्या घरात नाहीत तिथे द्या, किंवा जे देवस्थान घेते तिथे विचारून द्या. कपाटात कापडात गुंडाळून ठेवणे सगळ्यांत वाईट, पूजा होत नाही आणि विसर्जनही झालेले नसते. देण्याआधी पंचोपचार पूजा करून अक्षता वाहा आणि प्रार्थना करा. शाळिग्रामाला मात्र तुळस, कारण विष्णूला अक्षता वाहत नाहीत.

माप. मत्स्यपुराणात घरच्या मूर्तीला अंगठ्याच्या पेरापासून एक वितीपर्यंतची मर्यादा आहे. वीत म्हणजे १२ अंगुळे, आजच्या हिशेबात साधारण ९ इंच. त्याहून मोठी मूर्ती देवळाची, कारण तिला त्या मापाचे स्नान, वस्त्र, नैवेद्य आणि नेम लागतो. १४ इंची दत्त पूजेच्या देवांत घेऊ नका.

घरात पंचायतन (पाच देवांची एकत्र मांडणी) करणार असाल तर एक गोष्ट तुमच्या पहिल्या प्रश्नाला लागून आहे. परंपरेने पंचायतनाचे पाचही देव बिनचेहऱ्याचे दगड आहेत. शिव: नर्मदेचे बाणलिंग. विष्णू: गंडकीचा शाळिग्राम. गणपती: शोण नदीचा तांबूस शोणभद्र. देवी: सुवर्णमुखी शिला. सूर्य: स्फटिक. नाक-डोळे कोणालाच नाहीत. निराकाराला मानणाऱ्या घराने याहून चांगले काय मांडावे? शिव मध्ये असेल तर ईशान्येला विष्णू, आग्नेयेला सूर्य, नैर्ऋत्येला गणपती, वायव्येला देवी. विष्णू मध्ये असेल तर त्याच क्रमाने शिव, गणपती, सूर्य, देवी. मंगेश कुलदेव असेल तर शिवपंचायतन. बाणलिंग आणि शाळिग्राम तुमच्याकडे आहेतच.

आवाहन कोणाला लागते? भागवताच्या एकादश स्कंधात स्पष्ट आहे. स्थिर प्रतिष्ठा झालेल्या मूर्तीला आवाहन नाही आणि विसर्जनही नाही. चल मूर्तीला ऐच्छिक. स्थंडिलावर, म्हणजे शुद्ध केलेल्या जमिनीवर मांडलेल्या पूजेत, दोन्ही हवीत. तांदळाच्या राशीवरची सुपारी आणि कलश यांनाही तोच न्याय लावतात. शाळिग्राम आणि बाणलिंग स्वयंभू मानतात, त्यांना प्राणप्रतिष्ठाही नको आणि आवाहनही नको. आवाहनाच्या ऋचेला नुसते फूल किंवा तुळशीपत्र वाहा. तुमच्या देवघरात हे दोन दगड मुख्य राहिले तर ‘जो आहेच त्याला बोलावू कसा’ ही अडचण रोजच्या पूजेत उरतच नाही.

आता पाणी. त्याच प्रकरणात प्रतिमांचे आठ प्रकार दिले आहेत: दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, रंगवलेली, वाळूची, मनातली, रत्नाची. स्नान घालायचे ते लेपाच्या आणि रंगाच्या नसतील त्यांना, बाकीच्यांना फक्त पुसणे. हे वाचल्यावरही चवथीला मातीच्या गणपतीवर पळीभर पंचामृत ओतणारी घरे आहेत. कच्ची माती पाणी पिते, रंग सुटतो, पोटाला भेग जाते आणि मग खंडित मूर्तीची चिंता करीत बसायचे. मातीच्या मूर्तीला दूर्वांनी किंवा फुलाने दोन थेंबांचे प्रोक्षण करावे आणि सगळे स्नान पुढ्यात ताम्हणात ठेवलेल्या सुपारीला किंवा धातूच्या छोट्या गणपतीला घालावे.

पंचामृताचा क्रम दूध, दही, तूप, मध, साखर, आणि प्रत्येकानंतर शुद्ध पाणी. मधले पाणी गाळले की दह्यावर तूप बसते, तुपावर मध, आणि पितळेच्या कोरीव कामात थर अडकतो. त्यावर बुरशी येते, गंध काळे पडते. तूप निघायला शेवटी कोमट पाणी हवेच. तांब्याच्या ताम्हणात दही-मध मिसळलेले पाणी साठू देऊ नका, आंबटाने तांबे उतरते आणि हिरवट होते. ते तीर्थ म्हणून पिऊ नये. स्नान झाले की लगेच स्टीलच्या किंवा चांदीच्या भांड्यात काढा, आणि तीर्थासाठी शुद्धोदकाचे पाणी घ्या.

पितळेला चकाकी आणायला आपल्याकडे भिंडसोले (आमसुले) नाहीतर चिंच वापरतात. दोन्ही आंबट. वरचा काळा थर निघतो, पण दर वेळी धातूचाही अंश जातो. रोज घासलेल्या जुन्या मूर्तींची नाके आणि बोटे गुळगुळीत झालेली दिसतात ती यामुळे. महिन्यातून एकदा, हलक्या हाताने, लगेच धुऊन, लगेच कोरडी. तारेचा ब्रश कधीच नको. बाणलिंग टणक, त्याला काही होत नाही. शाळिग्राम म्हणजे काळ्या खडकातला अमोनाइटचा जीवाश्म, आत कधी चुनखडी असते. त्याला आंबट लावायचे नाही, पाणी आणि तुळस पुरे. संगमरवर तर दह्यानेही निस्तेज होतो, कारण तो चुन्याचाच दगड.

तसबिरी: गंध काचेला, कागदाला कधीच नाही. जांभ्याच्या भिंती पावसात ओल धरतात, तेव्हा फ्रेम भिंतीला टेकवून लावू नका. मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, बोटभर हवा खेळू द्या. ओला हार फ्रेमच्या खालच्या पट्टीवर रात्रभर राहिला की पाणी आत झिरपते आणि पहिले डाग नेहमी पायांशी पडतात.

रोयण

चर्चा शास्त्रावर चालली आहे आणि ती हवीच. पण कुळागर, तुमच्या प्रश्नाचे गोव्यातले उत्तर पायाखालच्या मातीतही आहे.

सातेरी, सांतेरी म्हणून गावोगाव जिची पूजा होते ती मुळात रोयण, वारूळ. मूर्तिकाराने घडवलेली नाही, ओल्या मातीतून आपोआप उभी राहिलेली. भूमी हीच देवी, आणि ती जिथे वर आली तिथे हात जोडले. पुढे अनेक गावांत तिच्यापुढे महिषासुरमर्दिनीची मूर्ती आली, मुखवटा आला, नाव शांतादुर्गा झाले. रोयणीवर पाणी घातले तर माती खचते, म्हणून हळद-कुंकू, फुले, वस्त्र आणि मुखवटा. मूर्ती पुढे असली तरी रोयण मागे राखली जाते, हे लक्षात घ्या. चेहरा भक्तासाठी, देवी चेहऱ्यामागे.

लिंगाचेही तेच. शास्त्राप्रमाणे घडवलेल्या लिंगाचे तीन भाग असतात: तळाचा चौकोनी ब्रह्मभाग, मधला अष्टकोनी विष्णुभाग, वरचा गोल रुद्रभाग. पहिला जमिनीत, दुसरा पीठात. आपल्याला दिसतो तो फक्त वरचा, तिसरा हिस्सा. उत्सवात त्यावर चांदीचा मुखवटा चढतो, अभिषेकाच्या वेळी उतरतो. पालखीत बसते ती उत्सवमूर्ती वेगळी, कारण अचल लिंग उठत नाही. एकाच देवळात एकाच देवाची बिनचेहऱ्याची, चेहऱ्याची आणि चालती अशी तीन रूपे आहेत, आणि तीन देव आहेत असे कोणालाच वाटत नाही. काणकोण तालुक्यात माशे गावच्या देवाचे तर नावच निराकार, आणि त्याला देऊळ आहे.

अचल म्हटलेले देवही इथे उठले आहेत. १५६०च्या दशकात पोर्तुगीजांच्या छळामुळे साष्टी आणि आसपासच्या भागांतून मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून नदी ओलांडून अंत्रुजात (फोंडा भागात) आली. जुन्या जागी देव संपला असे कोणी म्हटले नाही आणि नव्या जागी तो नवा जन्मला असेही नाही. जीर्णोद्धारात आजही हेच करतात. सूत गुंडाळलेला, पाण्याने भरलेला तांब्याचा कलश, तोंडाशी आंब्याची पाने, वर नारळ. मूर्तीतले तत्त्व मंत्राने त्या कलशात घ्यायचे, कलश बालालयात (तात्पुरत्या देवळात) ठेवून रोजची पूजा त्यालाच करायची, आणि काम पुरे झाले की तेच पाणी मूर्तीवर ओतून तत्त्व परत द्यायचे. मधल्या काळात गाभाऱ्यातल्या दगडाला गवंडी हात लावू शकतो. काम मात्र लांबते, आणि खरी चूक इथे होते. महिनोन्‌महिने कलशातले पाणी बघायला कोणी नसते, ते आटते किंवा नारळ कुजतो. ठरलेल्या दिवशी विधिपूर्वक पाणी भरणे आणि नारळ बदलणे हे कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवावे लागते.

लिंग किंवा मूर्ती पीठात बसवणारा अष्टबंध, लाख, राळ, मेण वगैरेंचा, तडकला की अभिषेकाचे पाणी खाली उतरते आणि मूर्ती डुलू लागते. सिमेंटने तो भरू नये. सिमेंट कडक, पुढच्या वेळी काढताना दगडाचा कपचा उडतो.

आणि कागदाचा गणपती. इन्क्विझिशन (पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय) गोव्यात १५६०ला आले आणि, मधली १७७४ ते १७७८ ही चार वर्षे सोडली तर, १८१२पर्यंत राहिले. मूर्ती घरात सापडणे म्हणजे संकट. काही घराण्यांनी चवथीला पत्रीचा ढीग आणि कागदावरचे चित्र पुजायला सुरुवात केली. ते लपवता येत होते, मिटता येत होते. त्यांतली काही घरे आजही मातीची मूर्ती आणत नाहीत. वरती माटोळी (फळाफुलांनी सजवलेली टांगती चौकट) पूर्ण असते, आरती तीच, मोदक-नेवऱ्या त्याच. ज्यांना वाटते की मूर्ती नसली तर देव येत नाही, त्यांनी ही पूजा एकदा बघावी.

कुळागर

सर्वांचे मनापासून आभार. ‘दशाङ्गुलम्’ इतकी वर्षे म्हणत होतो आणि ऐकत नव्हतो. उद्यापासून आवाहन म्हणता येईल.

दोन गोष्टी उरल्या. दत्तमूर्तीचे नेमके काय करू? आणि रोयण बाय, आमच्याकडेही पूर्वी कागदाचा गणपती होता असे वडीलधारे सांगतात. यंदा चवथीला तो पुन्हा करायचा झाला तर प्राणप्रतिष्ठा आणि विसर्जन कसे? चित्र पाण्यात सोडायचे का?

ताम्हणपळी

दत्तमूर्ती अखंड असेल तर पाण्यात सोडू नका. वडा-पिंपळाखाली ठेवून येणे तर अजिबात नको, तिथे ती कोणाचीच राहत नाही. पूजा होत आली असेल तर उत्तरपूजा करा: पंचोपचार, ‘यान्तु देवगणाः’ म्हणून अक्षता, आणि मूर्ती किंचित उत्तरेला हलवा. त्यानंतर बैठकीत उंच, स्वच्छ जागी नमस्कारापुरती ठेवता येईल, किंवा दत्तमंदिर घेत असेल तर द्या. खंडित असेल तरच विसर्जन.

कागदाचा गणपती: चित्र जाड कागदावर, काचेत न घालता पाटावर तांदूळ पसरून त्यावर उभे करा. मागे लाकडी टेकू द्या, नाहीतर दूर्वांच्या जुडीच्या वजनाने ते पुढे पडते. समया दोन्ही बाजूंना किमान एक हात अंतरावर. चित्रापुढे विड्याच्या दोन पानांवर एक सुपारी ठेवा. सुपारी बुडाला सपाट आणि बिनछिद्राची बघून घ्या, पावसाळ्यात पोरकिडा लागलेली हमखास निघते. स्नानापासूनचे सगळे ओले उपचार या सुपारीला.

प्राणप्रतिष्ठेला उजवा हात दूर्वांसह चित्राच्या हृदयाशी टेकवा, मंत्र म्हणा, मग गर्भाधानादी पंधरा संस्कारांसाठी पंधरा वेळा ॐकार. मूर्तीच्या डोळ्यांना दूर्वांनी तूप लावतात, कागदावर ते लावू नका, डाग पसरतो. तुपात बुडवलेल्या दूर्वा डोळ्यांसमोर धरल्या तरी पुरे. २१ पत्रींत माका, बेल, धोतरा, आघाडा, शमी, रुई, डाळिंब, केवडा ही आपल्या भागात सहज मिळतात. गणपतीला एरवी तुळस वाहत नाहीत, ती या दिवशी पत्रींमध्ये एकदाच. पत्री ओळखणाऱ्या माणसाकडूनच आणवा. धोतरा आणि रुई दोन्ही विषारी, मुलांच्या हाती देऊ नका आणि चिकाचा हात डोळ्याला लागू देऊ नका.

विसर्जनाला अक्षता वाहिल्या की कृती पुरी झाली. सुपारी आणि पत्री तुमच्या विहिरीत किंवा तळीत सोडा. चित्राला छापील रंग असतील तर ते पाण्यात नको, सुती कापडात गुंडाळून कोरड्या पेटीत ठेवा आणि पुढच्या चवथीला पुन्हा प्राणप्रतिष्ठा करून तेच पुजा. हाताने काढलेले, मातीच्या रंगांचे चित्र असेल तर पाण्यात सोडायला हरकत नाही. पेटीत चार लवंगा आणि कडुलिंबाची सुकी पाने टाका, आणि पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्यात, एकदा ऊन दाखवा.